मामांची घडीची टेबलं

माझ्या बायकोच्या मामांइतका घडीच्या टेबलांवर जीव टाकणारा माणूस नाशकात दुसरा झाला नाही. मामांच्या मते तर हिंदुस्थानातही नाही. सत्तरच्या दशकात गंगापूर रोडवरच्या त्यांच्या दोन खोल्यांत पत्ते खेळायची चार जुनी इंग्रजी टेबलं होती आणि पत्त्यांचा जोड एकही नव्हता. पत्ते हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांचं ठाम मत. पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून रविवारी ते देवळालीला जात. तिथल्या जुन्या बंगल्यांतलं सामान विकायला निघालं की बाकीचे लोक कपाटं बघत. मामा थेट उताणे पडून टेबलाच्या पोटाखाली शिरत. एकदा मी सोबत होतो. मालकीणबाईंनी घाबरून मला विचारलं, "ह्यांना फिट येते का हो?"

"पाय फिरतो तो आजोबा, फळी फिरते तो नातू," हे त्यांचं वचन. जुन्या टेबलाच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटलेल्या असतात. वरची उघडायची आणि मागचा पाय फिरवून तिच्याखाली आणायचा. नुसती फळीच फिरवून उघडायची युक्ती नंतरची. साहेबाच्या देशात ही टेबलं दिवसभर भिंतीला टेकून उभी असत, पाहुणे आले की उघडत. हिरवं कापड पत्त्यांसाठी, कोपऱ्यांतल्या गोल जागा मेणबत्त्यांसाठी. मिटतात म्हणूनच बोटीत मावली आणि साहेबाबरोबर इथवर आली. हा इतिहास मी लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला ऐकला आणि मधेच म्हणालो, "म्हणजे आमच्या इस्त्रीच्या टेबलासारखंच!" त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी जावई उरलो, माणूस नाही.

मामा ब्रह्मचारी. आईवडलांमागे माझी बायको आणि तिची धाकटी बहीण शकू, दोघींना त्यांनीच वाढवलं. शकूला बघायला जळगावचे पाहुणे आले, तेव्हा मामांनी सगळ्यांत जुनं टेबल बाहेर काढलं आणि ते उघडायचं काम, दुसरं कुणी नव्हतं म्हणून, माझ्यावर सोपवलं. "जावईबापू, पाय पूर्ण फिरवा." मी "हो हो" म्हणालो. ज्या माणसाच्या हातून आजवर एक खिळा सरळ गेलेला नाही, त्यानं असं हसत "हो हो" म्हणू नये. फळी मी ऐटीत उघडली. पाय राहून गेला. शकूनं पोह्यांचा ट्रे ठेवला, आणि फळीसकट सगळे पोहे मुलाच्या वडलांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर.

सगळ्यांचे डोळे धोतरावर. मामा मात्र टेबलापाशी गुडघ्यांवर बसले, चाचपून पाहिलं आणि आनंदानं ओरडले, "बिजागरी शाबूत आहे!" मुलाचे वडील लालबुंद होऊन उठले. "चला, निघू या."

"बसा हो," मामा म्हणाले. "चूक टेबलाची नाही, मुलीची तर नाहीच. चूक जावयाची आहे. जावई कसा निवडू नये हे आम्हाला एकदा कळलंय, म्हणून तर या खेपेला तुमचा मुलगा बघतोय."

आधी मुलगा हसला, मग शकू, मग खोबरं झटकत त्याचे वडील. सर्वांत मोठ्यानं माझी बायको. लग्न तिथंच ठरलं. त्यातला माझा वाटा कुणी आजवर मान्य केलेला नाही.

लग्नात मामांनी तेच टेबल शकूला दिलं. गोधडीत गुंडाळून, एस.टी.च्या टपावर चढवून स्वतः जळगावला पोचवून आले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर रिकाम्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"मुलगी काय, कधीतरी जायचीच," ते म्हणाले. "टेबलाची मात्र सवय झाली होती."

मी म्हटलं, "टेबल गुणी होतं, मामा."

"फार गुणी," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "हट्ट म्हणून कधी केला नाही. फक्त पावसात भिजली की लगेच सर्दी व्हायची तिला."

मी मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेलो.