खांद्यावरची पोर

वर्ध्याच्या आठवडी बाजारात मी बांगड्या भरायचे, तेव्हाची ही बाई. नाव कधी विचारलं नाही, पण तिच्या हाताचं माप मला पाठ होतं. दर दोन-तीन बाजारांनी यायची, मनगटावर जेमतेम एखादी बांगडी उरलेली. "घागर लागली," म्हणायची. नवरा समोर रेवडीवाल्यापाशी थांबायचा, लहान पोरीला खांद्यावर घेऊन. पोरीचे एवढे लाड करणारा बाप, म्हणून मला त्याचं कौतुकच होतं.

एका बाजारी तिच्या मापाची बांगडी तिच्या हातात जाईना. सवाष्णीला रिकाम्या हातानं उठवायचं नाही, म्हणून मी साबण लावून हळूहळू दाबत होते. मनगट सुजलं होतं आणि त्यावर बोटांचे वळ होते. घागरीला बोटं नसतात, एवढं मलाही कळतं. मी चिडलेच.

"काऊन सोसून राह्यली वं? आत्ता चार मानसं बोलावू काय?"

ती हळूच म्हणाली, "नोको बाई. पोरगी कोनाजवळ हाय, ते पाहा पयले. मी तोंड उघडलं तं तिचं काय होईन?"

मी मान वर केली. पोर त्याचे केस ओढत खुदुखुदु हसत होती. त्यानं तिचे दोन्ही घोटे घट्ट धरले होते आणि नजर आमच्याकडे होती. मी एक माप मोठ्या बांगड्या भरल्या आणि तिला जाऊ दिलं.

आजही पोरीला खांद्यावर घेतलेला बाप दिसला की मी आधी त्याचे हात बघते. पडू नये म्हणूनच धरलंय ना? मला ओळखता येत नाही.