लाल ठिपक्याचं कार्ड

नाताळ जवळ आला की ही घटना हमखास आठवते. पारनेरकडच्या एका खेड्यातली बाई आमच्या पोलीस ठाण्यात आली, मोबाईलमधलं मेमरी कार्ड काढून तिने माझ्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, नावं दिसत्यात, आवाज न्हाई."

तिचा नवरा चर्चमध्ये नाताळची गाणी म्हणायचा. तो वारला, आवाज तेवढा कार्डात उरला होता. बाजारातल्या मोबाईलवाल्याने जुनं कमी जागेचं कार्ड ठेवून घेतलं, जास्त जागेचं दिलं आणि गाणी त्यात टाकून दिली. पुढे पुतणीच्या लग्नाचं शूटिंग त्याच कार्डात भरलं आणि गाणी बंद पडली.

वरिष्ठ म्हणाले, "एवढ्याशा कार्डासाठी गुन्हा? अर्ज घ्या आणि घरी पाठवा."

मी बाजारात भाजी विकून शिकलेला माणूस. साध्या कपड्यांत दुकानात गेलो आणि तसलंच कार्ड निम्म्या किमतीला मागितलं. गडी हसत "घेऊन जा" म्हणाला. खरा माल असलेला दुकानदार असा लगेच देत नाही, आधी भावावरून भांडतो.

दुसऱ्या दिवशी दोन पंचांसमोर आमच्या महिला हवालदाराने मी आणलेलं कार्ड तपासलं. ती त्यात फाइली भरत गेली आणि मधूनमधून उघडून पाहत राहिली. कार्डावर छापलेल्या जीबीच्या आकड्याचा पाव हिस्साही भरला नव्हता, तोच आधीच्या फाइली उघडेनात. नवी आत गेली की जुनी पुसली जात होती, नाव तेवढं मागे राहत होतं.

दुकानदाराला ठाण्यात आणलं. "माल नगरहून येतो, साहेब. मला काय ठाऊक?"

"मग निम्म्यात कसं परवडलं रे?" मी टेबलावर हात आपटला. "काल मीच नेलं ना?"

त्याने मला नीट न्याहाळलं. "टोपी घातली हुती तुमी," एवढंच म्हणाला आणि मान खाली घातली. नगरजवळ नागापूरच्या एका खोलीत कमी जागेच्या कार्डांवर मोठे आकडे छापत होते. ती खोली त्यानेच दाखवली.

मला घाई दुसऱ्याच गोष्टीची होती. "जुनी कार्डं कुठंयत?"

दुकानातल्या बिस्किटांच्या डब्यात होती, पुसून विकायची राहिलेली. बाईला बोलावून डबा ओतला. नवऱ्याने नेलपॉलिशने लावलेला लाल ठिपका तिने लगेच ओळखला. खात्रीसाठी पंचांसमोर एक गाणं वाजवलं. संपेपर्यंत तिने तोंडावरचा पदर काढला नाही. मग कार्ड पाकिटात गेलं, वर लाखेचं सील लागलं.

"साहेब, येक कॉपी तरी द्या की."

त्या कॉपीसाठी मी वरिष्ठांशी भांडलो. सगळी नाही तर एक गाणं तरी, इथपर्यंत खाली आलो. "पुरावा आहे तो, खेळणं नव्हे," ते म्हणाले. माझी कर्जतला बदली झाली. पेपरात फोटो त्यांचा आला. तो राग अजून गेलेला नाही.

मुद्देमाल सापडला की तपास जमला, असं आम्ही समजतो. ज्याची वस्तू असते, त्याचं वाट पाहणं तिथून सुरू होतं, हे मला त्या बाईने शिकवलं. खटला अजून चालू आहे. बंद पाकिटात ते कार्ड किती टिकेल, कुणी सांगत नाही.

दर नाताळला तिचा फोन येतो. "सुटलं का हो कार्ड?"

"नाही, मावशी."

"तुमी ऐकलं हुतं ना? कसं हुतं?"

चाल मला आठवत नाही. "गाण्याआधी जरा खाकरले होते," मी सांगतो.

"व्हय," ती म्हणते. "तसंच खाकरायचे."