जिल्ह्यातलं पहिलं पथक

माझ्या बायकोच्या मामांच्या तावडीतून मदत न घेता सुटलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. ज्यांना मदत हवी असते ते त्यांना सापडतातच, पण ज्यांना ती अजिबात नको असते त्यांचीही सुटका नसते. लहानपणी स्काउटच्या पथकात रोज एक सत्कृत्य करायची शपथ त्यांनी घेतली, ती आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही मोडलेली नाही. आणि सत्कृत्य करण्याआधी समोरच्याची परवानगी घ्यावी असं शपथेत कुठंही म्हटलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून उभा जन्म काढून ते निवृत्त झाले आणि शहरातल्या जुळे सोलापूर भागात आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहायला आले. सकाळी सहाला घराबाहेर पडतात ते त्या दिवसाचं सत्कृत्य उरकल्याशिवाय चहाला परत येत नाहीत. एकदा कोपऱ्यावरच्या बंगल्यापुढं उभ्या मोटारीचं मागचं चाक बसलेलं त्यांना दिसलं. मामांनी तासभर खपून, आपलीच हत्यारं आणून, ते चाक बदललं आणि वर गाडीही पुसून ठेवली. मालक बाहेर आला आणि गाडी धडधाकट बघून मटकन पायरीवरच बसला. चाक बसल्याचं निमित्त सांगून तो मेहुणीकडचं बारसं टाळणार होता, आणि तसा फोनही नुकताच करून झाला होता. तो गृहस्थ अजून मामांना बघितलं की रस्ता बदलतो. मामांना वाटतं, उपकारानं दबलाय बिचारा.

हस्तांदोलन ते डाव्या हातानं करतात. स्काउटांत तशीच पद्धत आहे, पण आमच्या लग्नात हे कुणाला ठाऊक? माझ्या वडिलांनी उजवा हात पुढं केला, मामांनी डावा. दोघांनी एकाच वेळी समजूतदारपणे हात बदलले. पुन्हा तेच. चार वेळा असं झाल्यावर वडिलांनी मुकाट्यानं हात जोडले. पत्ता सांगताना मामा डावीकडे-उजवीकडे हे शब्द उच्चारत नाहीत. त्यांच्या मते ते भित्र्या माणसाचे शब्द. आमचं घर शोधत आलेल्या एका जेवण पोचवणाऱ्याला त्यांनी साठ पावलं पूर्वेला आणि तिथून आग्नेयेला वळायला सांगितलं. तो हेल्मेट काढून आकाशात सूर्य शोधत उभा राहिला आणि आमचं जेवण गार झालं. घरातली प्रत्येक वस्तू दोरीनं बांधलेली. गॅसची टाकी भिंतीला, झाडू दाराला, टॉर्च खिडकीला, मामींचा चष्मा मामींच्या गळ्याला. प्रत्येक गाठीला नाव आहे, आणि ते नाव आपण सांगितल्याशिवाय मामा ती सोडू देत नाहीत. आणि रविवारी गच्चीवर तीन विटा मांडून काठीवरची भाकरी. काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर भाजायची, हा स्काउटांचा खरा पदार्थ. पण सोलापूरच्या माणसानं तो ज्वारीचाच केला पाहिजे असा मामांचा हट्ट. ज्वारीचं पीठ काठीला धरत नाही, हे मामींनी त्यांना पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. तेव्हापासून दर रविवारी ते पीठ निखाऱ्यात पडतं, आम्ही ते राख झटकून शेंगाचटणीशी खातो आणि मागल्या खेपेपेक्षा बरी जमली म्हणून सांगतो.

हे सगळं त्यांच्यात आलं ते वडिलांकडून. ते वळसंगच्या शाळेत मास्तर होते. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आणि घरातली पोरंही गुरुजीच म्हणायची. स्वातंत्र्याच्या आधी त्यांनी गावातल्या पोरांचं स्काउट पथक उभं केलं, आणि ते जिल्ह्यातलं पहिलं पथक होतं, ही मामांची श्रद्धा. ती त्यांनी तिकीट तपासनिसाला सांगितलेली आहे, दात काढणाऱ्या डॉक्टरला तोंड उघडं असताना सांगितलेली आहे, आणि मुलगी बघायला आलो तेव्हा मला मुलगी दाखवायच्या आधी सांगितलेली आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक जुना स्काउट मित्र वारला. घरच्यांनी खोली आवरली आणि कागदपत्रं रद्दीत घातली. त्यात त्या मित्राच्या पथकाची रोजनिशी होती. मामा ऐकताक्षणी रद्दीवाल्याकडे धावले, पण गठ्ठा पुढं गेला होता. त्या दिवशी ते चहा न घेता बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली आणि मला सांगितलं की जिल्ह्यातल्या जुन्या पथकांचा इतिहास आपण लिहायचा. ‘आपण’ म्हणजे लिहिणार ते आणि स्कूटर चालवणार मी.

मग आमचे रविवार त्यात गेले. जुने स्काउट शोधायचे, त्यांच्यापुढं बसायचं आणि मामांनी प्रश्न विचारायचे. अनुभव असा की, माणूस जितका म्हातारा तितकी त्याला शपथ कमी आठवते आणि जेवण जास्त. एका आजोबांना पथकाचं नाव, साल, मास्तर काही म्हणजे काही सांगता येईना, पण शिबिरात करपलेल्या पिठल्याचं वर्णन त्यांनी अर्धा तास केलं, आणि मामांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. वही भरली. पहिल्या प्रकरणाचं नाव अर्थातच ‘पहिलं पथक : वळसंग’. ही बातमी गावात गेली तेव्हा शाळेनं ठरवलं की दारावर एक फलक लावायचा. फलक रंगवूनही झाला, ‘जिल्ह्यातलं पहिलं स्काउट पथक’ आणि खाली गुरुजींचं नाव. रविवारी कार्यक्रम ठरला.

त्याच आठवड्यात कुणीतरी आम्हांला शहराच्या पूर्व भागातल्या एका आजींबद्दल सांगितलं. विणकरांच्या वस्तीत राहतात, नव्वदी ओलांडलेली, सगळे त्यांना अक्का म्हणतात, आणि त्यांचे वडील पोरांना शिट्टी वाजवून गोळा करायचे. मामांना जायचं नव्हतं. पुस्तक पुरं झालं होतं, छापखान्याशी बोलणं झालं होतं. पण नव्वदीच्या माणसाला पुढच्या महिन्यात येतो असं सांगू नये, हे ते रद्दीच्या दुकानात शिकले होते. आम्ही गेलो.

अक्का बाजेवर बसल्या होत्या. कान तयार, डोळे जरा कमी, आणि बोलणं तेलुगू वळणाचं पण अस्सल सोलापुरी. त्यांनी सांगितलं की वडील हातमागावर लुगडी विणायचे. त्यांच्या मागाच्या खोलीमागं मोकळी जागा होती. मागांवर सुताच्या कांड्या भरून देणारी पोरं सुट्टीच्या दिवशी तिथं यायची. एका गिरणीतल्या कारकुनानं वडिलांना स्काउटिंगचं एक पुस्तक दिलं होतं. ते इंग्रजीत होतं, म्हणून वडील ते त्याच्याकडून वाचून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरांकडून करून घ्यायचे. गळ्यातले रुमाल त्यांनी स्वतःच्या मागावर विणले. पोरींना मात्र पथकात घेत नसत. अक्का म्हणाल्या, ‘‘घ्यायचे न्हाईत. पण पोरास्नी गाठ आली न्हाई की मलाच बोलवायचे.’’

मग त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक वही काढली. चौकड्यांच्या रुमालात गुंडाळलेली, तेलुगूत लिहिलेली. भिंग लावून त्या एकेक ओळ वाचत आणि मराठीत सांगत. पहिल्या पानावरची तारीख त्यांनी वाचली. मामांनी ती लिहून घेतली आणि त्यांचं पेन थांबलं. मी शेजारीच होतो. ती तारीख वळसंगच्या पथकाच्या चार वर्षं आधीची होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. अक्कांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या वाचत राहिल्या. शिबिरं, आजारपणं, कुठल्याशा आगीत पोरांनी ओढलेल्या पाण्याच्या बादल्या. मामा लिहीत होते, पण त्यांच्या अक्षराला उतार लागला होता.

वहीच्या शेवटाकडे अक्का एका पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, वळसंगचं काहीतरी आहे. वळसंगहून एक तरुण मास्तर सायकलवर आले, असं तिथं लिहिलं होतं. त्यांना गावात पथक काढायचं होतं, आणि शिकायला ते तीन रविवार आले. मग त्यांनी तिसऱ्या रविवारची नोंद वाचली.

‘‘वळसंगच्या मास्तरांना पुस्तकातली गाठ जमेना. लई घाम गाळला. मागावर धागा तुटला की आमी जोडतो, तीच ही गाठ, असं मी करून दाखवलं. तवा मास्तर जमिनीवर बसून पोट धरून हसले. माझी पोरगी पण हसली.’’

अक्कांनी भिंग खाली ठेवलं. ‘‘ती पोरगी मी,’’ त्या म्हणाल्या.

मामांनी विचारलं, कोण हसलं म्हणालात. अक्कांनी पुन्हा वाचलं. मामांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि मग अगदी हळू आवाजात त्यांना विचारलं की ते हसणं त्यांना आठवतं का. चेहरा आठवत नाही, अक्का म्हणाल्या. पण मोठं माणूस इतकं हसतं हे बघून त्यांना गंमत वाटली होती, तेवढं आठवतं. मामांनी मान हलवली. नंतर मला मामींकडून कळलं की घरात गुरुजींच्या पुढ्यात पोरं खोकायलासुद्धा अंगणात जायची, आणि बाप हसतो ही गोष्ट मामांनी आयुष्यात एकदाही पाहिली नव्हती.

घरी आल्यावर मी व्यवहाराचं बोलायला गेलो, आणि ते मला आजही बरं वाटत नाही. फलक रंगवून झालाय, मी म्हणालो, पत्रिका वाटून झाल्यात, वही तेलुगूत आहे आणि अक्कांची काही तक्रार नाही. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करता येईल. मामा रागावले नाहीत.

‘‘जावईबापू,’’ ते म्हणाले, ‘‘शपथ मराठीत घेतली काय आन् तेलुगूत घेतली काय, एकच की.’’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते वळसंगला गेले. तिथं काय झालं ते गावातल्या त्यांच्या पुतण्याकडून समजलं. गाव त्यांच्यावर नाराज झालं. जिल्ह्यात पहिलं म्हणवून घ्यायला गावाकडे दुसरं काही नव्हतं, आणि तेही मामा काढून घ्यायला निघाले होते. पुतण्या त्यांना म्हणाला, ‘‘आपल्याच बापाचा पहिला नंबर आपणच खोडायचा व्हय?’’ मामा शाळेच्या कचेरीत दुपारपर्यंत बसून राहिले. कुणाशी भांडले नाहीत, नुसते उठत नव्हते. शेवटी मुख्याध्यापक कंटाळले आणि त्यांनी पेंटरला बोलावलं. ‘जिल्ह्यातलं’ हा शब्द पुसून तिथं ‘वळसंगचं’ आलं, आणि गुरुजींच्या नावाखाली, त्यांना शिकवणारे म्हणून, अक्कांच्या वडिलांचं.

रविवारी अक्कांना मोटारीतून आणलं. (मोटार त्या कोपऱ्यावरच्या बंगलेवाल्याची. मामांनी मागितली आणि त्याला नाही म्हणता आलं नाही.) मला वाटलं होतं की मामा भाषणात खचलेले दिसतील. ते चांगले खुलले होते. त्यांनी सांगितलं की आजवर ते एका मोठ्या माणसाचा मुलगा म्हणून मिरवत होते, पण तो मोठा माणूस कुणापुढं तरी जमिनीवर बसून शिकला, त्याला आधी जमलं नाही, म्हणून तो वीस-बावीस किलोमीटर सायकल मारत पुन्हा पुन्हा गेला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पोरांना ते म्हणाले की तुम्हांला एखादी गोष्ट जमली नाही तर घाबरू नका, गुरुजींनासुद्धा तीन रविवार लागले. मागं पुरुषमंडळी अजून जराशी फुगलेली होती, पण पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी अक्कांना उभं केलं, त्यांच्या वडिलांनी विणलेला तो चौकड्यांचा रुमाल त्यांच्या गळ्यात घातला आणि वळसंगच्या पथकात त्यांची रीतसर भरती केली. अक्कांनी शपथ अर्धी मराठीत आणि अर्धी तेलुगूत म्हटली. नंतर त्यांनी दोरा मागवला आणि तुटलेला धागा जोडायची ती गाठ मुलींना दाखवायला बसल्या. मुली काही केल्या उठेनात; शेवटी चहा तिथंच आणावा लागला. शाळेचं पथक कित्येक वर्षं बंद होतं. त्या दिवशी बावीस मुलींनी आणि चौदा मुलांनी नावं दिली. पहिली सहल कुठं काढायची, असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तर एका मुलीनं अक्कांच्या घरी म्हणून सांगितलं. तशी ती निघणार आहे, पुढच्या महिन्यात. छापखानावाला थांबलाय, कारण पहिलं प्रकरण नव्यानं लिहायचं चालू आहे.

आम्ही संध्याकाळी स्कूटरवरून निघालो. वळसंग मागं पडल्यावर थोड्या वेळानं मामांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि थांबायला सांगितलं. मला वाटलं, पाय अवघडले असतील. ते उतरले आणि रस्त्याच्या कडेनं थोडं पुढं चालत गेले. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेइतकी आली होती. सोलापूरच्या बाजूला रस्ता सरळ, लांबपर्यंत दिसत होता. मामा त्याच्याकडे बघत उभे राहिले, जणू कुणीतरी लवकरच येणार होतं. मी गाडी बंद केली.

‘‘ह्योच रस्ता,’’ ते म्हणाले. ‘‘तिसऱ्या रविवारी ह्याच रस्त्यानं परत आला असंल. सायकलवर एकटाच. हसत आला असंल की.’’