बाबांच्या कोटातली कुंभारीण

हसायचं असेल तर खुशाल हसा. त्या दिवशी आमच्या ओसरीत माणसं दाटीवाटीनं बसली होती, पण एकही जण हसला नाही. तोच तर घोटाळा झाला! कुणी एखादा जरी खो खो हसला असता, तरी मी सुटलो असतो.

तर झालं असं. अमडापूरला, आमच्या गावी, बाबा वारले. बरेच महिने अंथरुणाला खिळलेले होते. आणि मला रडूच येईना! चितेपाशी नाही, राख सावडताना नाही. छातीत काहीतरी घट्ट अडकलं होतं, पण ते लोकांना कसं दिसणार? त्यांना दिसतात कोरडे डोळे.

"नोकरीले लागलं की माणसाचं काळीज असंच होते," असं कुणीतरी माझ्या पाठीमागे म्हणालं. म्हणजे, अगदी माझ्या पाठीशीच बसून म्हणालं.

लोकांचं सोडा हो. आई रोज माझ्या तोंडाकडे बघायची. "रडून घे रे गजू. त्याहीनं तुले किती जीव लावला." मी डोळे मिटायचो, जोर लावायचो. कशाचं काय! पोराला बापाचं काहीच वाटलं नाही, असं तिच्या मनानं घेतलं. बाबा गेल्याच्या दुःखापेक्षा मला तेच जड जायला लागलं.

त्यात ते पिठाचं प्रकरण. गेलेल्या माणसाच्या दिव्यापाशी रात्री पीठ पसरायचं, वर टोपलं झाकायचं आणि सकाळी कशाचे पाय उमटले ते बघायचं. ज्याचे पाय, त्या जन्माला माणूस गेला. बाबांच्या बहिणीनं, म्हणजे आत्यानं, टोपलं उचललं. आत बारीक बारीक ठिपके!

"माशी वं वैनी! दादा माशीच्या जन्माले गेला!"

मला ते मुंग्यांचे पाय वाटले. पण आधीच काळीज नसलेला मी, आणखी कशाला तोंड उघडू?

दुसऱ्याच दिवशी ओसरीतल्या खुंटीपाशी एक माशी घोंघावायला लागली. खुंटीवर बाबांचा कोट. आजारपणात त्यांनी तो घातला नव्हता, नंतर कुणी हात लावला नव्हता. माशी कॉलरमधून आत जाई, बाहेर येई. आईनं कोटाखाली गुळाचा खडा ठेवला. आता बोला!

शेजारचा प्रल्हाद, माझा लहानपणचा दोस्त, त्या माशीकडे बघत म्हणाला, "गांधीन हाय बे हे. पिवळी पाह्य कशी, अन् उडताना पाय लोंबून राह्यले. कोटात छत्ता असंन. धूर करू काय?"

गांधीन म्हणजे गांधीलमाशी. आईचं तोंड एवढंसं झालं. बाबांना धूर द्यायचा? मला वाटलं, आईला एक अश्रू देता आला नाही, निदान एवढं तरी देऊ.

"कायले बे? कुंभारीण आहे ती," मी म्हणालो आणि दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथे खरोखरच कुंभारणीचं मातीचं घर होतं. "गरीब असते. कोणाच्या वाट्याले जात नाही."

"कुंभारीण काळी असते. कंबर सुतासारखी."

"तिच्यातही रंग असतात."

"अन् हे पाय काऊन लोंबून राह्यले?"

"माती वाहून दमते बिचारी."

अहो, खरंच असं म्हणालो मी! सुतकातल्या माणसाशी काय भांडायचं, म्हणून प्रल्हादनं वाद सोडून दिला. पुढे एकीच्या चार-पाच झाल्या. मी आईला सांगितलं, कुंभारणीचा संसार वाढला. तेवढंच तिला बरं वाटलं.

तेरवीचा दिवस उजाडला. पाहुणे जमले. मामा नवी टोपी आणि दुपट्टा घेऊन उभे राहिले. "भाऊजीचा कोट घाल, मंग टोपी घालतो. आता घरचा कर्ता तूच."

डावा हात घातला, काही नाही. उजवा हात घातला आणि बाहीत काहीतरी कागदासारखं चुरगळलं. कुंभारणीचं घर मातीचं असतं, कागदासारखं असतं ते गांधीलमाशीचं. हे ज्ञान मला आधी दंडात झालं, मग काखेत, मानेवर आणि दोन्ही डोळ्यांखाली.

मी असा हंबरडा फोडला की आचारी झारा टाकून धावत आला. डोळ्यांतून धारा! कोट ओरबाडून काढायला गेलो, तर मामांनी मला कोटासकट मिठी मारली.

"रडू द्या त्याले! मोकळं होऊ द्या!"

"कोट... कोट काढा!"

"नोको काढू रे राजा. बापाची आठवण हाय ते."

आत्या पाठ थोपटायला लागली. म्हणजे कोट थोपटायला लागली! दर थापेला आतून एक नवी डसायची. मी जमिनीवर लोळलो, तशी सगळी ओसरी रडायला लागली. काळजाबद्दल बोलणाऱ्यानंही नाक शिंकरलं. मामांनाही एक चावली म्हणे, पण त्यांना ते जेवण झाल्यावर समजलं.

ओळखलं फक्त प्रल्हादनं. त्यानं मला ओढून कोट काढला आणि परसात नेऊन गोवऱ्यांचा धूर दिला. लोक म्हणाले, कोटाला धूप दाखवतोय.

संध्याकाळी पाहुणे पांगले. माझं तोंड एवढं सुजलेलं, की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. आई कांदा चिरून माझ्या गालाला चोळत बसली.

"तू लोळला, म्हणून माश्या उठल्या रे. पण रडला माहा पोरगा! आता मले कोणाचं काही ऐकाचं नाही."

तिला खरं सांगणार? तुम्ही सांगितलं असतं का?

तेवढ्यात प्रल्हाद कोट आणून देऊन गेला. आईनं तो नाकाशी धरला. मग कॉलर उलटी करून आतून हुंगली. सकाळपर्यंत त्या कोटाला बाबांचा वास होता, तंबाखूचा आणि घामाचा. तिनं पुन्हा हुंगलं.

"धुराचाच वास येऊन राह्यला नुसता," ती हळूच म्हणाली. कोटाची घडी घालून ठेवून ती पुन्हा माझ्या गालाला कांदा चोळायला लागली.

आणि तेव्हा मला रडू आलं. खरंखुरं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. ते काही केल्या थांबेना.

आईचा हात माझ्या गालावरच थांबला.

"कांदा झोंबला काय रे?"

"हाव," मी म्हणालो. "लय झोंबला."