सरजाबाईंनी मोजलेली बोटे

निजामाच्या अमलात वसमतच्या शाळेत लढाईच्या फोटोंचे प्रदर्शन भरले होते, त्या दिवसांत सरजाबाईंना मुलगा गेल्याचे कळले. सांगितले कोणीच नव्हते.

सरजाबाई आमच्या गावच्या मेंढपाळ, विधवा. बाजारात मेंढी घेताना विकणाऱ्याचे बोलणे संपण्याआधीच त्या तिचे तोंड उघडून दात पाहत. "वय मालकाला काहून इचारावं? त्यो त्याच्या फायद्याचंच सांगन," असे म्हणत. मी गावचा मास्तर, पण माझ्यावरही त्यांचा पुरता विश्वास नव्हता. त्यांच्या फौजेतल्या मुलाची, केरबाची, पत्रे मी त्यांना वाचून दाखवी. आठवड्याने तेच पत्र आणून त्या पुन्हा वाचायला लावत आणि शब्द जुळतात का, ते पाहत.

केरबा सुट्टीवर येऊन गेला आणि पुढे चार महिने एकही पत्र आले नाही. त्याचे लग्न ठरलेले. मुलीचा बाप निरोप धाडी, तो जिवंत आहे का तेवढे सांगा.

अशात मी प्रदर्शन पाहायला गेलो. एका फोटोत केरबा हसत होता, दोन्ही हातांत चहाचा मग. खाली उर्दूत ओळ होती: आपले जवान, गेल्या महिन्यात, आघाडीवर. मी गावात येऊन ती ओळ सर्वांना सांगितली. गूळ वाटला गेला. मुलीचा बाप लग्नाच्या तयारीला लागला.

सरजाबाई म्हणाल्या, मला दाखवा. दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्या फोटोपुढे नेले.

"गुर्जी, बोटं मोजा."

मी मोजली. दहाही शाबूत होती.

"सुट्टीत लोकर कातरताना त्याच्या करंगळीचं पेर गेलं. म्या सोता हळद भरली. ह्यो फोटू त्याच्या आधीचा हाय."

तिथला अधिकारी म्हणाला, "बाई, सरकारी फोटोवर शक घेता?"

"सरकारी हाय म्हनून तर इचारून राहिले. लेकरू आज हासत असतं, तर जुना फोटू काहून लावला असता?"

मी बाकीचे फोटो पुन्हा पाहिले. दोन वेगळ्या आघाड्यांची नावे दिलेल्या फोटोंत टेकडी एकच होती.

तिथूनच सरजाबाई मुलीच्या बापाकडे गेल्या आणि मुलगी दुसरीकडे द्या म्हणाल्या. जित्या लेकाला आईनेच तोंडाने मारले, असे गाव बोलले. टेकडीचे मीही कोणाला सांगितले नाही. काही महिन्यांनी फौजेचा कागद आला. त्यातली केरबाच्या मृत्यूची तारीख प्रदर्शनाच्या आधीची होती.

गेल्या उन्हाळ्यात सरजाबाई वारल्या. केरबाशी ठरलेली ती मुलगी साखरा गावी नांदते. तिला दोन मुले आहेत.