"सायबानु, तिका शोधू नकात"

ती केस आजही आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते. मी तेव्हा लालबागच्या बाजूला एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एक माणूस रडत आला. बायको घरातून निघून गेली होती, मिसिंग नोंदवायची होती. सोबत चाळ कमिटीची माणसं. "मंडळाचा कार्यकर्ता आहे, साहेब. देवमाणूस," अध्यक्ष म्हणाले.

चौकशीला चाळीत गेलो. शेजारच्या खोलीतल्या मालवणी आजी चहा द्यायच्या निमित्ताने जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सायबानु, तिका शोधू नकात. गावली तर तो तिका जिती ठेवचो नाय."

मधे एकच भिंत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कमिटीलाही सगळं ठाऊक होतं. बाईने तक्रार केली की नवऱ्याला गणपतीसमोर शपथ घ्यायला लावायची, त्याच्या हातून तिला प्रसाद द्यायचा आणि मिटलं म्हणायचं. आमच्या चाळीतलं कोणी पोलिसात जात नाही, हा वर अभिमान. डोंबलाचा अभिमान.

नवऱ्याला ठाण्यात समोर बसवलं. अध्यक्ष सोबत होतेच. मिसिंगमध्ये ओळखीच्या खुणा विचारतातच. त्याने घडाघडा सांगितल्या: भुवईवर टाके, करंगळी वाकडी, पाठीवर भाजल्याचा डाग.

"टाके कशाने?"

"मोरीत घसरली."

"करंगळी?"

"दारात चेपली."

"आणि पाठ?"

"इस्त्री लागली, साहेब."

"स्वतःच्या पाठीला? स्वतःच्या हाताने?"

तो अध्यक्षांकडे वळला. म्हणाला, "रागात झालं एकदा. पण बाप्पासमोर शपथ घेतली ना मी." अध्यक्ष म्हणाले, "नवरा-बायकोत होतं असं." माझं डोकंच फिरलं.

बाई माहीमला कामावरच्या मैत्रिणीकडे सापडली. आमच्या महिला उपनिरीक्षक जबाब घ्यायला गेल्या, तेव्हा तिने आधी एकच विचारलं, "त्याला पत्ता देणार का?" स्वतःहून गेले, परत जाणार नाही, असा जबाब तिने दिला. आजींनीही दिला. गुन्हा दाखल केला आणि नवऱ्याला तिच्यापासून लांब ठेवावं म्हणून संरक्षण अधिकाऱ्यामार्फत कोर्टात तिचा अर्ज गेला.

ती सापडल्याचं कळताच नवऱ्याला घेऊन कमिटी पुन्हा हजर. "आमच्या ताब्यात द्या, आम्ही मिटवतो."

"ती काय चोरीचा मुद्देमाल आहे, ताब्यात द्यायला? ती सुरक्षित आहे. याउपर काही सांगणार नाही."

"मी नवरा आहे तिचा," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगणार नाही." आणि त्याला तिथेच अटक केली.

त्यानंतर हाताखालच्या प्रत्येकाला बजावत आलो: बायको हरवली म्हणून नवरा आला, तर ती कुठे गेली हे शोधण्याआधी का गेली ते विचारा. सापडली तरी तिच्या मर्जीशिवाय पत्ता कोणालाही द्यायचा नाही, मग समोरचा कितीही रडो.

आजी भेटल्या की अजून विचारतात, "बरी आसा मा ती?" मी नुसती मान हलवतो. बाकीची चाळ म्हणते, साहेबांनी घर मोडलं. म्हणू देत. बाई जिवंत आहे.