शिंप्याने मारलेली रेघ

धाकटीला घरी आम्ही धांदल म्हणतो. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला ती वॉर्डात जायला लागली आणि तिचा सकाळचा चहा कपातच निवायला लागला. "ताई, माझ्या हातून कुणाचं काही बरंवाईट झालं तर?" रोज हाच प्रश्न. मी "काही होत नाही गं" म्हणायचे आणि चहा पुन्हा गरम करून द्यायचे.

प्रात्यक्षिक परीक्षेला तिच्या वाट्याला एक म्हातारे शिंपी आले. अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडलेली, वाचाही गेलेली. डाव्या हाताने सारखी चादर ओढायचे, कण्हायचे. सून रडवेली झाली होती. "सकाळपासून असंच चाललंय हो." वॉर्डची सिस्टर कावलेली. "हात बांध आणि रक्तदाब घे. परीक्षक येतीलच."

धांदलने पट्टी घेतली खरी, पण गाठ मारवेना. अडलात तर प्रश्न उलटा करून बघा, असं त्यांच्या बाई वर्गात सांगायच्या. यांना गप्प कसं करायचं, हे तिने बाजूला ठेवलं. मला बोलता येत नसतं, तर मी चादर कशाला ओढली असती? काहीतरी सांगायलाच ना!

तिने वहीच्या मागच्या पानावर माणसाची वाकडीतिकडी आकृती काढली आणि पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. "आजोबा, कुठे दुखतंय? खूण करा."

कापडावर मारावी तशी त्यांनी बेंबीखाली आडवी रेघ मारली. पुन्हा मारली. कागद फाटला.

तिने ओटीपोट चाचपलं, दगडासारखं घट्ट. नळीला जोडलेल्या पिशवीत सकाळी सातला नोंदली होती तेवढीच लघवी. नळी मांडीखाली दुमडून दबली होती.

"सिस्टर, लवकर या!"

दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं, नळी मोकळी केली. पिशवी भरू लागली. म्हाताऱ्यांचा हात चादरीवर सैल पडला.

परीक्षक बाई दारातच उभ्या होत्या. "रक्तदाब घेतलास?"

"नाही, मॅडम."

"मग घे आता. उशिराचे तीन मार्क गेले."

संध्याकाळी ती रडतच घरी आली. मला वाटलं, नापास झाली.

"पास झाले गं," ती म्हणाली. "पण ताई, मी पट्टी हातात घेतली होती. बांधलीच असती मी."